मोजणाऱ्याने कोणाचे मीठ खाल्ले?



अमेरिकेतील विद्यापीठे बाहेरच्या विद्वानांना सहा महिने किंवा वर्षभर पाहुणे म्हणून बोलावतात. त्यांना बसायला खोली मिळते, ग्रंथालय खुले होते आणि घरखर्चापुरते मानधन दिले जाते. त्या मुदतीत त्यांनी आपला अभ्यास पुरा करावा, एवढीच अपेक्षा असते. यालाच तिकडे फेलोशिप म्हणतात. ही पद्धत जुनी आहे. नवा आहे तो विषय. वंश, यंत्रविद्या आणि आफ्रिकेतून जगभर पांगलेले लोक, अशा तिहेरी विषयाच्या अभ्यासासाठी आता तिकडे खास फेलोशिपा निघाल्या आहेत. संगणक, कॅमेरा, दवाखान्यातील उपकरणे यांच्या कामावर माणसाच्या कातडीच्या रंगाची छाया कशी पडते, हे त्यात तपासले जाते.

हे ऐकून आपल्यातील पुष्कळ जण दोन प्रश्न विचारतात. यंत्राला कसली आली जात? आणि एकाच समाजाच्या अभ्यासासाठी वेगळी खुर्ची कशाला? तिसरा प्रश्न सहसा कोणी मोठ्याने विचारीत नाही, पण तोच सर्वांत अवघड आहे. ज्याच्या पैशावर अभ्यास चालतो, त्याच्याविरुद्ध बोलणे हा अभ्यासकाचा धर्म की कृतघ्नपणा? हे तिन्ही प्रश्न नीतीचे आहेत, आणि आपल्या बेने इस्राएल समाजापासून ते वाटतात तितके दूर नाहीत.

पहिला प्रश्न प्रथम घेऊ. घाना देशातील आईबापांची कन्या जॉय बुओलाम्विनी अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत शिकत होती. चेहरा ओळखणाऱ्या संगणकापुढे ती बसली, तर त्या यंत्राला तिचा चेहरा दिसेचना. तिने पांढरा मुखवटा तोंडावर धरला आणि यंत्राला लगेच चेहरा सापडला! मग तिने आणि टिम्नित गेब्रू या अभ्यासिकेने मिळून २०१८ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, आइसलँड, फिनलंड आणि स्वीडन या सहा देशांच्या संसद सदस्यांचे १,२७० फोटो त्यांनी जमविले आणि तीन कंपन्यांच्या यंत्रांना ‘हा पुरुष की स्त्री?’ एवढेच विचारले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण शेकडा ०.८ च्या वर गेले नाही. सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते एका कंपनीच्या यंत्रात शेकडा ३४.७ पर्यंत गेले. कारण साधे होते. अशी यंत्रे ज्या फोटोंवर पारखली जात, त्यांच्या एका संग्रहात शेकडा ७९ च्या वर आणि दुसऱ्यात शेकडा ८६ चेहरे उजळ कातडीचे होते. यंत्राच्या मनात वैर नव्हते, कारण यंत्राला मनच नाही. पण ज्यांनी फोटो निवडले त्यांच्या डोळ्यांपुढे ‘माणूस’ म्हटल्यावर जो चेहरा उभा राहिला, तोच यंत्राने घोकला.

चेहरा ओळखण्यात चूक झाली तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. तर दुसरे उदाहरण घ्या. कोरोनाच्या साथीत घरोघरी बोटाला लावायचा प्राणवायू मोजण्याचा चिमटा आला. आपल्या समाजातील किती तरी स्त्रियांनी मुंबईच्या इस्पितळांतून परिचारिकेचे काम केले आहे. हे यंत्र त्यांना ओळखीचे असेल. ते बोटातून प्रकाश सोडते आणि किती प्रकाश पलीकडे पोहोचला यावरून रक्तातील प्राणवायूचा अंदाज बांधते. कातडीतील काळे द्रव्यही प्रकाश शोषते. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. चिमटा ‘ठीक आहे’ म्हणत असताना रक्त तपासल्यावर प्राणवायू धोक्याइतका कमी निघाला, असे कृष्णवर्णीय रोग्यांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडले होते. चिमट्याचा आकडा पाहून रोग्याला घरी पाठवायचे की खाट द्यायची, हे ठरत होते. तेव्हा यंत्राला जात नसली तरी यंत्राच्या चुकीला जात असू शकते, एवढे मान्य करावे लागेल.

आता दुसरा प्रश्न, वेगळ्या खुर्चीचा. यासाठी सव्वाशे वर्षे मागे जाऊ. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस हा कृष्णवर्णीय तरुण एका निधीच्या शिष्यवृत्तीवर १८९२ साली बर्लिनला शिकायला गेला. शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवली गेली नाही, म्हणून तेथील पदवी राहिली. परत येऊन १८९५ साली त्याने हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली. ही पदवी तेथे मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय. १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याला फिलाडेल्फिया शहरातील कृष्णवर्णीय वस्तीची पाहणी करायला बोलावले. पण कसे बोलावले? हुद्दा नुसता ‘सहायक’, शिकवायला वर्ग नाही, आणि विद्यापीठाच्या छापील यादीत नावसुद्धा नाही. तो पत्नीला घेऊन त्या वस्तीतच राहिला, दारोदार फिरला आणि १८९९ मध्ये ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ हा ग्रंथ छापून आला. समाजशास्त्रात तो आजही वाचला जातो. काम संपले, तसा तो पाहुणा निघून गेला. प्राध्यापकाची जागा त्याला त्या विद्यापीठाने दिली नाही.

पाहुणा या शब्दाला असे दोन अर्थ आहेत. ज्याचा मान राखायचा तो पाहुणा, आणि ज्याने मुक्काम संपताच जायचे तोही पाहुणाच. म्हणून ‘आम्ही यांच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली आहे’ असे म्हणणारी संस्था खरोखर दार उघडते आहे की ओसरीवरच बसवून बोळवण करते आहे, हे पाहिले पाहिजे. वेगळ्या खुर्चीवरचा हा आक्षेप मला खरा वाटतो. ‘त्यांनाच का, सर्वांना का नाही?’ हा नेहमीचा आक्षेप मात्र मला पटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच लोकांच्या इतिहासात आहे.

१९३३ च्या एप्रिलमध्ये जर्मनीत कायदा झाला आणि यहुदी प्राध्यापक नोकरीवरून निघाले. त्याच साली लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये अशा विद्वानांना जागा मिळवून देण्यासाठी समित्या स्थापन झाल्या. ‘घर सुटलेल्या विद्वानांसाठीच पैसा का?’ असे विचारणे तेव्हा क्रूरपणाचे ठरले असते. तरीही अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत सर्वांना जागा मिळाली नाही. मग सुमारे पन्नास निर्वासित विद्वान कोठे गेले असतील? दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत. ही कॉलेजे निघाली होती ती इतर दरवाजे कृष्णवर्णीय मुलांना बंद होते म्हणून. व्हिएन्नाचे व्हिक्टर लोवेनफेल्ड हॅम्प्टन येथे चित्रकला शिकवू लागले आणि जॉन बिगर्स हा नामांकित चित्रकार त्यांच्या हाताखाली तयार झाला. जर्मन वकील अर्न्स्ट बोरिन्स्की १९४७ साली मिसिसिपीतील टूगालू कॉलेजात आले. जेथे काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाशी बसणे निषिद्ध होते, तेथे त्यांनी दोघांना शेजारी बसवून सभा भरविल्या. १९८३ मध्ये मरण येईपर्यंत ते तेथेच शिकवीत राहिले. त्यांना मूठमाती मिळाली तीही कॉलेजच्याच आवारात.

ज्यांना स्वतःला बाहेर ठेवले होते त्यांनी आपल्या निर्वासितांना आत घेतले, ही गोष्ट यहुदी माणसाने विसरू नये. खुर्ची वेगळी ठेवणे अन्याय नाही, जोवर दुसरीकडचे दार बंद आहे आणि जोवर ती खुर्ची विषयाच्या नावाची आहे, कातडीच्या नावाची नाही. लोवेनफेल्डना कोणी ‘तुमची कातडी कोणती?’ असे विचारले नाही. ‘तुम्ही काय शिकवाल?’ एवढेच विचारले.

आता तिसरा प्रश्न. आपल्या मराठीत म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावे. हा संस्कार चांगला आहे आणि तो सोडा असे मी सांगणार नाही. पण अभ्यासकाच्या बाबतीत तो अडचणीत टाकतो. वर ज्यांचा उल्लेख आला त्या टिम्नित गेब्रू पुढे गूगल कंपनीत यंत्रांच्या नीतिमत्तेचा अभ्यास करणाऱ्या गटाच्या प्रमुखांपैकी एक झाल्या. मोठमोठ्या भाषिक यंत्रांचे धोके सांगणाऱ्या एका निबंधावरून डिसेंबर २०२० मध्ये वाद झाला. कंपनी म्हणाली, त्यांचा राजीनामा आम्ही स्वीकारला. त्या म्हणाल्या, मला काढून टाकले. वर्षभराने त्यांनी स्वतंत्र संशोधन संस्था काढली. यावर एक पक्ष म्हणतो, ज्याचा पगार घ्यायचा त्याचेच दोष चव्हाट्यावर मांडायचे ही कोणती रीत? दुसरा म्हणतो, अभ्यासकाची निष्ठा फक्त सत्याशी, पैसा कोणाचाही असो.

मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. दुसरे उत्तर ऐकायला भारदस्त आहे, पण त्यात एक गोष्ट सुटते. उत्तर सत्य असावे हे खरेच, पण प्रश्न कोण ठरवितो? फिलाडेल्फियाच्या पुढाऱ्यांचा प्रश्न होता: या वस्तीने शहर कसे बिघडविले? त्या प्रश्नाला आकड्यांसह खरे उत्तर देऊनही अन्याय झाला असता. द्यु बॉइसने प्रश्नच बदलला. या माणसांना कोणते काम मिळते, भाडे किती पडते, मुले का मरतात, असे तो विचारू लागला. कंपन्या विचारीत होत्या, आमचे यंत्र एकंदरीत किती वेळा बरोबर येते? बुओलाम्विनीने विचारले, ते कोणाच्या बाबतीत चुकते? पहिल्या प्रश्नाचे उत्तरही खरे होते, पण सरासरीच्या आकड्यात एका स्त्रीचा चेहरा पुरता झाकून गेला होता. म्हणून मी म्हणतो, अभ्यासकाची नीती उत्तरात येण्याच्या आधी प्रश्नात असावी लागते.

आणि पहिल्या उत्तराबद्दल, म्हणजे मिठाबद्दल, इतकेच विचारतो: मीठ कोणाचे? मानधन विद्यापीठाचे किंवा कंपनीचे असेल. पण द्यु बॉइसचा ग्रंथ ज्याच्यावर उभा राहिला ते त्या वस्तीतल्या लोकांनी दार उघडून दिले. त्यांना त्याचे येणे आवडले नव्हते, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. विचित्र प्राण्यासारखे आपल्याला न्याहाळले जावे, हे कोणाला आवडेल? तरी त्यांनी उत्तरे दिली. बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून १९५१ साली पेशी घेतल्या. त्या प्रयोगशाळांतून वाढत राहिल्या, त्यांच्यावर औषधविद्या पुढे गेली, आणि तिच्या घरच्यांना ते सुमारे वीस वर्षे ठाऊकही नव्हते. २०२३ मध्ये एका कंपनीने त्या कुटुंबाशी तडजोड केली. अभ्यासकाच्या ताटातले मोठे मीठ असे मोजल्या जाणाऱ्यांकडून येते आणि त्याची पावती कोणी देत नाही. ज्याला मिठाला जागायचे आहे त्याने आधी ही उधारी लिहावी.

मात्र जागणे म्हणजे खुशामत नव्हे. द्यु बॉइसने त्या वस्तीतली गुन्हेगारी लपविली नाही, दोष सांगितले. आपल्या लोकांविषयी गोड खोटे लिहिणारा अभ्यासकही त्यांचा घातच करतो, कारण पुढे कोणी त्यांचे खरे दुःख सांगितले तरी जग ते मानीत नाही.

एवढे सगळे दूरचे झाले. आता घरचे.

‘डायस्पोरा’ हा शब्द मूळचा आपल्या पांगापांगीचा, म्हणजे गालुथचा. १९६५ साली दार-ए-सलाम येथे भरलेल्या आफ्रिकी इतिहासाच्या परिषदेपासून तो आफ्रिकेच्या लोकांसाठीही रूढ होत गेला. जोसेफ हॅरिस या कृष्णवर्णीय अमेरिकन इतिहासकाराने १९७१ मध्ये आशियातील आफ्रिकी लोकांवर ग्रंथ लिहिला. त्यात आपल्या हिंदुस्थानातील हबशी आहेत. २०१३ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील शोमबर्ग सेंटरने हिंदुस्थानातील आफ्रिकी सेनापती आणि राजांवर प्रदर्शन भरविले. म्हणजे तो अभ्यास फिरत फिरत मुरुड-जंजिऱ्याच्या तटापर्यंत पोहोचला! जंजिऱ्याचे सिद्दी नबाब १९४८ पर्यंत राज्य करीत होते, आणि त्यांच्या मुलखातल्या गावांत आपले वाडवडील तेल गाळीत होते. आपल्यापैकी शालोम बापूजी इस्राएल हे त्या संस्थानाचे कारभारी होते. इतक्या पिढ्यांच्या शेजाऱ्याविषयी आपल्याला काय ठाऊक आहे? त्यांचाही समुद्र ओलांडून येण्याचा इतिहास आहे, हे आपण कधी विचारले का? आणखी एक योगायोग पाहा. ‘रेस आफ्टर टेक्नॉलॉजी’ हे या विषयावरचे गाजलेले पुस्तक २०१९ साली लिहिणाऱ्या प्रिन्स्टनच्या प्राध्यापिका रूहा बेंजामिन यांचा जन्म आपल्या वाईचा. त्यांचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकन. विषय परका म्हणून बाजूला सारण्याइतका तो परका नाही.

आणि मोजले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९६२ मध्ये या देशाच्या रबिनेटने हुकूम काढला की बेने इस्राएलांच्या विवाहाआधी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी व्हावी. आपल्या लोकांनी येरुशलाईमला धरणे धरले. १९६४ साली तो भेद मागे घ्यावा लागला. आज वयस्कर वाचकांना ते दिवस आठवत असतील. त्या चौकशीतले दुःख उत्तराचे नव्हते, प्रश्नाचे होते. ‘हे खरे आहेत काय?’ हा प्रश्न इतरांना विचारला गेला नव्हता.

पुढे २०१६ मध्ये आपल्या रक्तातील वंशबीजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यात यहुदी आणि हिंदी अशी दोन्ही मुळे आढळतात, असा त्याचा निष्कर्ष. पुष्कळांना आनंद झाला, आणि तो साहजिक आहे. पण मनाला एक विचारा. उत्तर निराळे आले असते तर काय? नवगावच्या किनाऱ्यापासून इतकी शतके पाळलेला शाबाथ खोटा ठरला असता? घराघरांतून म्हटलेला ‘शेमा’ वाया गेला असता? नसता गेला. मग आपला मान प्रयोगशाळेच्या कागदावर अवलंबून ठेवू नये. विज्ञान आपल्याला आपण कोठून आलो ते सांगू शकेल, आपण कोण आहोत याचा दाखला देण्याचा अधिकार त्याला नाही.

हे म्हणताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्यातच ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद होता. ज्यांची आई यहुदी नव्हती त्यांच्या वंशजांशी सोयरीक होत नसे, त्यांना बरोबरीने वागवले जात नसे. जो मोजला गेला तोही संधी मिळताच दुसऱ्याला मोजतो. इथिओपियाचे यहुदी १९८४-८५ आणि १९९१ मध्ये विमानांनी या देशात आले. त्यांनी दान केलेले रक्त रोगाच्या भीतीने त्यांना न सांगता फेकून दिले जात होते, हे १९९६ साली उघडकीस आले. त्यांचा तो संताप सर्वांत आधी कोणाला कळायला हवा होता? मला वाटते, १९६४ पाहिलेल्यांना.

तोरेत इस्राएलांची गणती कशी करावी ते सांगितले आहे. डोकी मोजू नयेत, प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यावा. श्रीमंताने अधिक देऊ नये, गरिबाने उणे देऊ नये. माणूस मोजायचा तर सर्वांना एकच माप, आणि ज्याला मोजायचे त्याच्या स्वतःच्या हाताने. या नव्या फेलोशिपांपुढे जे काम आहे ते याहून फार निराळे नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या समाजावर लिहिणारे अभ्यासक येतात आणि पुढेही येतील. ध्वनिमुद्रण करतील, जुने फोटो मागतील, रक्ताचा थेंबही मागतील. त्यांना चहा द्यावा, मलिद्याचे दिवस असतील तर मलिदाही द्यावा, आणि खरे ते सांगावे. पण तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. तुमचा प्रश्न काय आहे, आणि तो तुम्ही इतरांनाही विचारता का? छापण्यापूर्वी आम्हाला वाचायला मिळेल का? आणि काम झाल्यावर एक प्रत आमच्याकडे राहील का? जो खरा अभ्यासक आहे त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. आणि आपल्या मुलांपैकी कोणी उद्या अशा खुर्चीवर जाऊन बसला, मग तो कृष्णवर्णीयांचा अभ्यास करो की आपला, त्याला निघताना एवढेच सांगावे: बाबा रे, पैसे कोणी दिले ते विसरू नकोस, पण दार कोणी उघडले ते आधी लक्षात ठेव.